टोपलीत पडलेली अक्षरं

ताईचा आघात पहिल्यांदा घसरला तो अकराव्या पाठात, आणि तो एकट्या छोटीने ऐकला.

छोटी ही ताईची धाकटी बहीण. वय एकोणपन्नास, कानांजवळ केस पांढरे, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे. पण सात वर्षांनी मोठी बहीण डोक्यावर असली की माणूस म्हातारा होत नाही, छोटाच राहतो. संस्थेतही सगळे तिला छोटीच म्हणत. संस्था चालवणारे साहेब तेवढे ‘छोटीबाई’ म्हणायचे, आणि ते ऐकून ताईला दर वेळी हसू फुटायचं.

“अगं, नुसती छोटी तरी बरी होती. छोटीबाई म्हणजे सर्कशीतली वाटतेस.”

संस्था परक्या भाषा शिकवायची. वरच्या दोन मजल्यांवर वर्ग आणि तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात, ध्वनिमुद्रणाची खोली. तिच्या भिंतींना जुन्या रजया ठोकून वरून गोणपाट ताणलेलं होतं. आत एक टेबल, कागदाचा आवाज होऊ नये म्हणून त्यावर बनातीचा जाड तुकडा, एक मायक्रोफोन, पाण्याचा पेला आणि ताई. मध्ये दुहेरी काच. काचेच्या अलीकडे कपाटाएवढं यंत्र, त्यावर ताटाएवढी दोन चाकं, आणि छोटी. सकाळी ताईने बोलायचं, छोटीने फीत फिरवायची. दुपारी ताई वर वर्गावर गेली की छोटीने ब्लेड घेऊन बसायचं.

आता त्यातलं काही उरलं नाही. त्या काळी आवाज हातात धरता यायचा. करंगळीच्या नखाहून अरुंद, तपकिरी फीत. ताईने एक साधं अक्षर उच्चारलं की चार बोटं फीत लागे, आघाताचं, म्हणजे जोर देऊन म्हणायचं अक्षर असलं की सहा. छोटी चाकं हाताने पुढेमागे करी, अक्षर कुठे सुरू होतं ते ऐकून पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करी, पितळी खाचेत फीत बसवून तिरकी कापी आणि दोन टोकं पांढऱ्या चिकटपट्टीने जोडी. खोकला, कागदाची सळसळ, ओठांची मचमच, सगळं ब्लेडखाली जाऊन पायाशी ठेवलेल्या वेताच्या टोपलीत पडे.

त्या टोपलीचा एक नियम होता आणि तो ताईनेच घालून दिला होता. टोपलीत काय पडलं ते वाचणाऱ्याला सांगायचं नाही. “माझं काय चुकलं ते मला मोजून दाखवू नकोस,” ती अगदी पहिल्या वर्षी म्हणाली होती, “माणूस चूक आठवत बोलायला लागला की पुढची दहा चुकतात. मला कळलं तर मी हात वर करीन. मला नाही कळलं आणि तुला दुरुस्त करता आलं, तर कर आणि विसरून जा.” पंधरा वर्षं दोघींनी तो नियम पाळला. तो त्या खोलीचा धर्मच झाला म्हणा ना.

ताई स्पॅनिश शिकवायची. त्यातही क्रियापदं म्हणजे तिचा खास प्रांत. तिची शिकवण्याची पद्धत ठरलेली होती: प्रत्येक रूप तीनदा म्हणायचं. पहिल्यांदा अक्षरं सुटी करून, कान्-ता-बा-मोस. दुसऱ्यांदा शब्दाचे सांधे दाखवून: आधी मूळ धातू, ‘कांत्’, म्हणजे गाणं, मग जोडणारा स्वर, मग काळ सांगणारा ‘बा’, आणि शेवटी ‘आम्ही’ सांगणारा ‘मोस’. तिसऱ्यांदा सगळं एकत्र, वाहतं: कांताबामोस, आम्ही गात असू. विद्यार्थ्यांनी मधल्या रिकाम्या जागेत तिच्यामागून म्हणायचं.

“आपल्या बोलण्यात सगळी अक्षरं एका बाकावर बसतात,” ती वर्गात सांगायची. “यांच्यात एकालाच खुर्ची. बाकीच्यांनी उभं राहायचं. आणि खुर्ची कुणाची ते ठरलेलं असतं, तिच्यावर दुसरा बसला की शब्द कण्हतो.” मग ती गंभीर चेहऱ्याने मुद्दाम चुकीचा आघात देऊन एखादं रूप म्हणायची आणि अख्खा वर्ग खो खो हसायचा. शिकणाऱ्यांच्या चुका तिला तोंडपाठ होत्या. तिची स्वतःची अशी एकही नव्हती.

म्हणूनच अकराव्या पाठात तिने ‘कांताबामोस’ म्हणताना ‘ता’ची खुर्ची ‘बा’ला दिली, तेव्हा छोटीला आधी वाटलं की यंत्रच अडखळलं. काचेपलीकडे ताई शांतपणे पुढचं रूप वाचत होती. तिने हात वर केला नव्हता.

दुपारी छोटीने ती फीत तीन वेळा मागे नेली. चूक होती. तिने ‘ता’ आणि ‘बा’ दोन्ही कापून काढले, त्याच पाठात पुढे आलेल्या बऱ्या रूपातले तेवढेच तुकडे आणून बसवले. जोड इतका बेमालूम झाला की ती स्वतःशीच हसली. ताईच्या तोंडात त्याच महिन्यात नवी कवळी बसली होती. कवळीने जीभ जरा बावचळणारच, छोटीने मनाशी म्हटलं, आणि तुकडे टोपलीत टाकले.

नव्या अभ्यासक्रमाचे चाळीस पाठ व्हायचे होते. आठवड्याला एक. बाराव्यात दोन चुका झाल्या. तेराव्यात एकही नाही. छोटीला इतकं हायसं वाटलं की घरी जाताना तिने स्वतःसाठी फुलं घेतली. चौदाव्यात पाच.

कवळी तोवर चांगली रुळली होती. त्या कवळीने ताई कडक टोस्ट कुरुमकुरुम खात होती.

दर रविवारी छोटी ताईकडे जेवायला जायची. तिथे सगळं जागच्या जागी होतं. भावोजी घड्याळजी, कानाने जरा अधू. जन्मभर बारीक टिकटिक ऐकून कान झिजले असं ते स्वतःच सांगायचे. जेवताना ताई बोले, भावोजी “काय?” म्हणत, ताई परत बोले. घरच्या बोलण्यात तिचा एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. छोटी ताटात खाली बघून कान देऊन ऐकायची. काही नाही. ताई भाजीवाल्याची नक्कल करत होती, आणि ती नेहमीसारखीच फक्कड होत होती.

“तू काय गं, परीक्षकासारखी ऐकतेस?” ताईने एकदा विचारलंच.

“छे, भाजीत मीठ बघतेय.”

“मीठ कानांनी बघतात होय?”

भावोजी म्हणाले, “काय?”

दोघी हसल्या. हसताना ताईच्या उजव्या हातातला चमचा ताटाबाहेर पडला. तिने तो डाव्या हाताने उचलला आणि पुढचं सगळं जेवण डाव्या हातानेच संपवलं. भावोजींनी पाहिलं नाही. छोटीने पाहिलं.

सतराव्या पाठापासून चुकांची जातच बदलली. आता आघात घसरत नव्हता, सांधा निखळत होता. ताई धातू म्हणे, ‘त्राबाख्’, म्हणजे काम करणं, आणि थांबे. काचेतून दिसायचं, तिचे डोळे कागदावर, ओठ पुढच्या अक्षरासाठी तयार, पण ते येत नसे. फीत मात्र फिरत राही. दोन हात, तीन हात रिकामी फीत जाई, आणि मग शेपूट यायचं ते भलत्याच शब्दाचं. ताई हात वर करत नव्हती. तिच्या लेखी ती न थांबता बरोबर वाचत होती. वर्गात असं झालं तर विद्यार्थी हसत, ती नेहमीसारखी मुद्दाम चुकतेय असं समजून.

तो थांबा छोटी दुपारी पुन्हा पुन्हा ऐकायची. तो अगदी कोरा नव्हता. आवाज पूर्ण मोठा केला की त्यात ताईचा श्वास ऐकू यायचा, अंधाऱ्या खोलीत माणूस भिंतीवर बटण चाचपतो तसा. मग ती खूण करायची, कापायची, आणि ते दोन-तीन हात लांब मौन गुंडाळून टोपलीत टाकायची.

पण आता कापून भागत नव्हतं. जागेवर बसवायला चांगलं अक्षर हवं होतं, आणि नव्या फितींमध्ये ते मिळेनासं झालं. तेव्हा छोटीने कपाटाच्या वरच्या फळीवरून जुना अभ्यासक्रम काढला. पंधरा वर्षांपूर्वीचा. त्यात एक्केचाळीस वर्षांची ताई होती, टणक, लखलखीत, प्रत्येक खुर्चीवर नेमका माणूस बसवणारी.

त्या भाषेची क्रियापदं तरी कशी, सुताराने बनवल्यासारखी! धातू एकीकडे, शेपट्या एकीकडे, आणि बहुतेक शेपट्या कुठल्याही धातूला बसतात. छोटीने भिंतीवर एक लाकडी पट्टी ठोकली, तिला खिळे मारले आणि जुन्या ताईचे तुकडे कपड्यांसारखे त्यांवर टांगले. प्रत्येकाखाली चिठ्ठी: ‘मोस, साधा’. ‘बा, साधा’. ‘रे, आघाताचा’. धातूंची रांग वेगळी. बाविसाव्या पाठात ‘आम्ही काम केलं असतं’ अशा अर्थाचं रूप हवं होतं, त्राबाखारीआमोस. ते ताईला अजिबात आलं नाही. तिने पहिली दोन अक्षरं म्हटली आणि नुसतंच गुणगुणली. जुन्या अभ्यासक्रमात तिने ते रूप कधी उच्चारलंच नव्हतं. छोटीने एका शब्दातून ‘त्राबाखा’ काढलं, गाण्याच्या रूपातून ‘रीआमोस’ काढलं, ‘री’ सहा बोटं आणि बाकी सगळी चार-चार हे मापून जोडलं, आणि यंत्र सुरू केलं.

भिंतीवरच्या रजयांमध्ये ताईचा आवाज उमटला. स्वच्छ, ठाम. ताईने फितीवर एकदाही न म्हटलेला शब्द ताई म्हणाली.

छोटीने घाईघाईने यंत्र बंद केलं.

त्या दिवशी ती वर गेली. ताई शिक्षकांच्या खोलीत एकटीच वह्या तपासत बसली होती. छोटी दारात उभी राहिली. बोलायचंच असं ठरवून ती दोन मजले चढून आली होती.

“ताई, डोकं वगैरे दुखतं का गं तुझं?”

“सकाळी उठल्यावर दुखतं. वय झालं. का?”

“नाही, सहज. डॉक्टरांना दाखवू या एकदा.”

ताईने चष्म्यावरून पाहिलं. “का? टोपलीत फार पडतंय का माझं?”

प्रश्न चेष्टेत विचारला होता. पण चेष्टेच्या खाली काय होतं ते छोटीला दिसलं. लहानपणी विहिरीत वाकून बघताना ताई तिचा फ्रॉक मागून धरून ठेवायची आणि तरी विचारायची, खोल आहे का गं? तोच आवाज होता. छोटीला नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. पंधरा वर्षांचा नियम, मोठ्या बहिणीचा मान आणि स्वतःची भीती, तिन्ही मिळून त्या एका अक्षरावर बसली.

“छे गं,” ती म्हणाली. “नेहमीइतकंच.”

ताईने सोडलेला श्वास छोटीला दारापर्यंत ऐकू आला. “मग झालं तर. मलाच उगीच वाटत होतं.”

म्हणजे तिलाही वाटत होतं. जिना उतरताना छोटीला हे कळलं, आणि मागे फिरायला पाऊल उचललं गेलं नाही.

साहेब तर बेहद्द खूश होते. तिसाव्या पाठाची फीत ऐकून ते स्वतः तळमजल्यावर उतरले. “छोटीबाई, हे काय गौडबंगाल आहे? तुमच्या ताईचा आवाज दिवसेंदिवस तरुण होत चाललाय! आम्हालाही द्या ते औषध.” ते मोठ्याने हसले. छोटीही हसली. हसताना तिची पाठ त्या लाकडी पट्टीला टेकली होती आणि मागे चिठ्ठ्या सळसळत होत्या.

चौतिसावा पाठ ताईने जवळजवळ वाचलाच नाही. ती आत बसली, दिवा लागला, तिने ओठ हलवले. चाळीस मिनिटांच्या फितीत धड अशी पाच रूपं होती. मग ती उठली, काचेपाशी आली आणि आज छान झालं, अशा अर्थाने मान डोलावली. तिच्या कपाळाचा ठसा काचेवर राहिला. छोटीने तीन दुपारी खपून चौतिसावा पाठ सबंध जुन्या तुकड्यांमधून उभा केला. डब्यावर नेहमीप्रमाणे तारीख टाकली.

पुढच्या गुरुवारी, दुपारी सव्वादोनला, ताई वर्गात खडू हातात घेऊन उभी असताना पडली.

इस्पितळातल्या खोलीला एकच उंच खिडकी होती आणि पलंगाचे लोखंडी पाय रंग उडालेले होते. ताई शुद्धीवर होती. उजवा हात पांघरुणावर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता. तोंड किंचित वाकडं. बोलायला गेली की आता घरचे शब्दही अर्धे येत होते. डॉक्टर चाळिशीचे होते, झटपट बोलणारे, पण माणूस विचारपूर्वक काम करणारा दिसत होता. त्यांनी ताईच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि नाराजीने मान हलवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, डोक्यातला दाब ज्यावरून कळतो तो आतला पडदा धड दिसत नव्हता.

“केव्हापासून आहे हे?” त्यांनी भावोजींना विचारलं.

“काय?”

“हा त्रास. केव्हापासून?”

“काल दुपारपासून! परवापर्यंत ठणठणीत होती हो.”

“बोलण्यात फरक? शब्द अडकणं, भलताच शब्द येणं?”

“अजिबात नाही.”

डॉक्टरांनी त्यांच्या कानांकडे पाहिलं. “तुम्हाला नीट ऐकू येतं ना?”

भावोजी ओशाळले, पण मग त्यांचा चेहरा उजळला. “डॉक्टर, माझ्या कानांवर जाऊच नका. तिचा आवाज आहे ना, फितींवर! दर आठवड्याचा, तारीख घातलेला. तिच्या संस्थेतून मागवतो.”

छोटी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने पलंगाचा दांडा धरला.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “हेच ठरवायचंय मला. एकाएकी झालं असेल तर डोक्यातल्या रक्तवाहिनीत गुठळी आहे, रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करतो. हळूहळू महिनोन् महिने होत आलं असेल तर गोष्ट वेगळी. मग आत काहीतरी वाढतंय. तिथे हे इंजेक्शन दिलं तर आत रक्तस्राव होऊन सगळंच आटपेल.”

छोटीने हे ऐकलं, आणि तरीही ती गप्प राहिली. साहेबांना निरोप पोचला नाही तर बरं, फिती सापडल्या नाहीत तर बरं, असं काहीतरी वेड्यासारखं तिच्या मनात चाललं होतं. पण साहेब तत्पर माणूस. तासाभरात त्यांनी हाताने उचलून नेता येईल असं छोटं यंत्र आणि सहा डबे पाठवले.

यंत्र खिडकीखालच्या स्टुलावर ठेवलं. डॉक्टरांना स्पॅनिश येत नव्हतं, पण अडखळणं ओळखायला भाषा यावी लागत नाही. त्यांनी अकरावा पाठ लावला. मग सतरावा, मग बाविसावा. तारखा बघत, कान देऊन ऐकत राहिले. त्या लहानशा खोलीत ताईचा आवाज घुमत होता, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. भावोजी मान डोलावत होते. पलंगावरची ताई छताकडे बघत स्वतःला ऐकत होती. शेवटी डॉक्टरांनी मागच्या आठवड्याचा चौतिसावा लावला.

“सुंदर,” ते म्हणाले. “किती स्वच्छ बोलतात! म्हणजे आठवड्यापूर्वीपर्यंत काहीही नव्हतं. एकाएकीच झालंय.” ते नर्सकडे वळले. “इंजेक्शन तयार करा.”

नर्स ट्रे घेऊन आली. तिने सुई वर धरून त्यातली हवा काढली. सुईच्या टोकाशी एक थेंब आला. तिने ताईची बाही वर सारली.

“नका देऊ,” छोटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“त्या फिती मी केल्यात.”

“म्हणजे? खोट्या आहेत?” डॉक्टरांनी विचारलं.

“आवाज तिचाच आहे. पण पंधरा वर्षांपूर्वीचा. ती आता जे चुकली ते मी कापलं आणि जुनं जोडलं. एकेक अक्षर. चौतिसावा तर सबंध तसाच आहे. तो ती बोललीच नाहीये.”

भावोजींनी ह्या वेळी “काय?” म्हटलं नाही. “कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“अकराव्या पाठापासून. साडेपाच महिने झाले.”

“आणि दर रविवारी माझ्या शेजारी बसून जेवत होतीस?”



डॉक्टरांनी हात करून नर्सला थांबवलं, पण सुई तिच्या हातातच होती. “हे बघा बाई, तुमच्या नुसत्या शब्दावर मी जाऊ शकत नाही. नातेवाईक घाबरले की काहीही बोलतात. कापलेले तुकडे कुठे आहेत? मला ते ऐकवा.”

“नाहीत. दर शनिवारी टोपली रिकामी होते.”

“एकही नाही?”

“एकही नाही.” छोटीने दांडा सोडला. “पण मला सगळं येतं. मी प्रत्येक चूक वीस-वीस वेळा ऐकलीय. मी म्हणून दाखवते.”

डॉक्टरांनी खिशातून वही काढली, स्टुलावरून यंत्र उचलून खाली ठेवलं आणि स्वतः तिथे बसले. “म्हणा. तारखेसकट.”

छोटीने ताईकडे पाहिलं नाही. तिने खिडकीकडे तोंड केलं. अकरावा पाठ, तारीख, आणि मग ‘कांताबामोस’, जड झालेल्या ‘बा’सकट, अगदी ताईच्या घशातून आल्यासारखं. बाराव्यातल्या दोन. चौदाव्यातल्या पाच. आवाज तिला ताईचाच लागला. सख्ख्या बहिणी त्या, घसा एकच. सतरावा आला तेव्हा ती ‘त्राबाख्’ म्हणून थांबली, आणि जितका वेळ ताई थांबली होती तितका वेळ थांबून राहिली. तो चाचपडणारा श्वासदेखील तिने घेतला. नर्सने ट्रे छातीशी धरला. भावोजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

एकोणिसाव्याला डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी वही मिटली. “पुरे. कळलं.” नर्सला त्यांनी मानेने खूण केली, तिने सुई ट्रेमध्ये ठेवून ट्रे बाहेर नेला. “एवढी हुबेहूब वाट कुणी मनाने रचू शकत नाही. हे वाढत आलंय. डोक्याच्या सर्जनला फोन करतो, उद्या सकाळी उघडावं लागेल.” दाराशी ते थांबले. “पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि घरातली शेवटी. त्यामुळे घरात कुणाला कळलं नसतं. कळलं असतं तर ते फक्त तुम्हाला.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “साडेपाच महिन्यांपूर्वी ते बोराएवढं असेल. आता केवढं आहे ते उघडल्यावरच कळेल. मी काही आश्वासन देत नाही.”

ते गेले. भावोजी त्यांच्यामागून गेले; जाताना त्यांनी छोटीकडे पाहिलं नाही.

खोलीत दोघीच उरल्या. छोटीला आता तरी वळणं भाग होतं. ताई तिच्याकडेच बघत होती, आणि केव्हापासून बघत होती कोण जाणे. डोळ्यांत राग होता का, ते छोटीला ओळखता आलं नाही. चेहऱ्याची एक बाजू एक सांगत होती, दुसरी काहीच सांगत नव्हती. ताईचे ओठ जुळले, सुटले, परत जुळले. पुष्कळ वेळ लागला.

“पुढे,” ती म्हणाली.

“ताई, नको. डॉक्टरांना हवं ते मिळालं.”

“मला.” ताईने डावा हात पांघरुणाखालून काढला आणि पलंगाच्या कडेवर ठेवला, तिथे बस म्हणून. “विसावा.”

छोटी बसली. तिने विसाव्या पाठाची तारीख सांगितली आणि सुरुवात केली.